चाळीच्या वाराचं पाणी

साहेब, पाणी तुम्ही चोरलंत आणि आळ एका शाळकरी पोरीवर घातलात. भर मैदानात, माइकवरून, हसत हसत. तिच्या गळ्यात पुठ्ठ्याची पाटी अडकवलीत, फोटो काढलात आणि तो गावभर फिरवलात. तुमचं नाव इथे लिहीत नाही. नाव लिहिलं की तुमच्यासारखी माणसं नावावरूनच भांडत बसतात आणि मूळ गोष्ट राहून जाते. ज्या खुर्चीवर बसून हे केलंत ती खुर्ची तुमच्या ओळखीची आहे, तेवढं बस झालं.

आता काय घडलं ते ऐका.

आंबिवलीला टेकडीच्या पायथ्याशी मैत्री चाळ आहे आणि तिच्या वरच्या अंगाला, चढावर, शाळा. दोघांना पाणी एकाच पाइपातून येतं. चाळीला दिवसाआड, चाळीचा वार असेल त्या दिवशी, तेही लहर लागेल तेव्हा. शाळेपर्यंत तर ते चढतच नाही, खाली चाळीतच संपतं. शाळेच्या हौदावरचा नळ नुसता शोभेला. पोरं घरून बाटल्या आणतात.

पाणी कधी येईल याचा नेम नाही, म्हणून चाळीत एक रीत पडलीय. नळ बंद करायचा नाही. तो कायम उघडा ठेवायचा आणि खाली स्टीलची परात उपडी घालायची. पाणी आलं की परात वाजते. बाई भाकऱ्या थापत असो, माणूस रात्रपाळी करून येऊन झोपलेला असो, परात वाजली की चाळ उठते, हंडे-ड्रम सरकतात, आणि भरून झालं की मगच नळाला हात लागतो. पोरगं चालायला लागलं की आधी हे शिकतं. ज्या घरचा नळ बंद, त्या घरची बाई आळशी, असं तिथे सरळ बोलून दाखवतात.

हेमा त्याच चाळीतली. नवरा कमलेश डोंबिवलीला केमिकलच्या कंपनीत कंत्राटावर, ती स्वतः ठाण्याला बाळकुमच्या टॉवरमध्ये तीन घरची पोळीभाजी करणारी. मुलगी प्रियांका सातवीत. शाळेत मुलांचं मंत्रिमंडळ होतं, त्यात प्रियांका पाणीमंत्री. निवडून आलेली, हात वर करून मतदान होऊन. त्या दिवशी पोरीने घरी येऊन आजोबांच्या फोटोला सांगितलेलं, "आजोबा, मी मिनिस्टर झालेय." हेमाला हसूही आलेलं आणि छाती पण भरून आलेली.

त्या महिन्यात पाणी खात्याचं फर्मान आलं. शाळाशाळांत पाणी आणि वीज वाचवायचे धडे द्या, मग साहेब स्वतः येऊन शपथ देतील. सोबत एक रंगीत तक्ता. आसावरी मॅडमनी तो फळ्यावर लावला आणि वाचायला घेतला.

"दात घासताना बेसिनचा नळ बंद ठेवा."

"मॅडम, बेसिन कुठून आणू?" आर्यनने विचारलं.

"आर्यन, गप्प बस. शॉवरऐवजी बादलीने आंघोळ करा."

"मॅडम, आमच्यात बादलीत तिघं करतात."

"पुढे ऐक. एसी सव्वीसवर ठेवा."

"मॅडम, तो वर्गातला पंखा आधी एकवर तरी आणा ना!"

सगळा वर्ग खिदळला. मॅडमनाही हसू आवरेना, त्या तोंड फिरवून खडू शोधायला लागल्या. प्रियांका मात्र हसली नाही. ती मंत्री होती. तिने तक्ता वहीत उतरवून घेतला आणि शाळेसाठी आपल्याकडून काय करता येईल याचा विचार करत बसली. तिला एकच गोष्ट सुचली, जी तिला जन्मापासून येत होती. शनिवारी शाळा सुटताना तिने हौदावरचा नळ पूर्ण उघडला आणि खाली पोषण आहाराचं ताट उपडं घातलं. चुकून कधी पाणी चढलंच तर कळायला नको? सोमवारी सकाळी लवकर येऊन बघायचं, एवढाच तिचा हिशोब. रविवारी ताट वाजलं तर ऐकणार कोण, हे तिच्या डोक्यात आलं नाही. चाळीत ऐकायला नेहमीच कुणीतरी असतं.

रविवारी चाळीचा वार होता. दिवसभर परात वाजली नाही. संध्याकाळपर्यंत बायका दारात कान देऊन बसल्या. शेवटी सखुबाई म्हणाली, "आज काय येत नाय गो. वरती कुणीतरी गिळला वाटतं." सखुबाई इथली जुनी, मूळ गावातली. चाळ उठायच्या आधीपासून ती इथे पाणी भरतेय. ती म्हणाली म्हणजे नाहीच येणार. हेमाने साठवणीतलं पाणी पेल्याने मोजून वापरलं.

सोमवारी सकाळी शाळेचं मैदान म्हणजे भाताचं खाचर झालेलं. उघड्या नळाची धार अजून चालू होती. रात्रभर पाणी वाहून शनिवारीच घातलेल्या मांडवाचे खांब कलले होते, खुर्च्या चिखलात रुतल्या होत्या, आणि "थेंब थेंब वाचवा" लिहिलेला फलक एका कोपऱ्यावर लोंबकळत होता. साहेब गाडीतून उतरले ते पांढऱ्या बुटांनी. दुसऱ्याच पावलाला बूट आत. बाहेर काढला तो काळा.

पोरं हसली. तिथेच सगळं बिनसलं.

साहेब मंचावर चढले. भर दिवसा मंचावर जनरेटरचे दिवे लावलेले, त्यांच्या उजेडात त्यांनी बूट झटकला आणि माइक हातात घेतला. "हा नळ कुणी उघडा ठेवला?"

प्रियांकाने लगेच हात वर केला. लपावं असं तिला वाटलंच नाही. "मी, सर. पाणी आलं की आवाज यावा म्हणून."

"आवाज यावा म्हणून!" साहेब माइकमध्ये हसले. "ऐकलंत का? बाईसाहेबांना आवाज ऐकायचा होता! पाण्याचं संगीत!" पाहुणे हसले, पाहुण्यांचे ड्रायव्हर हसले. मुलांच्या नाटकात एक राक्षस होता, त्याच्यासाठी पुठ्ठ्याची पाटी केलेली, "मी पाण्याचा वैरी". साहेबांनी ती उचलली, प्रियांकाला खुर्चीवर उभं केलं आणि तिच्या गळ्यात अडकवली. "घ्या फोटो. अशी सवय कुणाला असेल तर मोडा."

आसावरी मॅडम पुढे आल्या, "सर, ती तशी..." एवढं बोलल्या आणि साहेबांनी नुसतं बघितल्यावर थांबल्या.

हेमाला हे कळलं ते बाळकुमला, सतराव्या मजल्यावर. ती पोळ्या लाटत होती. ओट्याशेजारी पाणी शुद्ध करायच्या यंत्राची नळी सिंकमध्ये सोडलेली, तिच्यातून टाकाऊ पाण्याची बारीक धार अखंड चालू. ती धार रोजचीच, कुणाला दिसत नसे. घरच्या वहिनी मोबाइल घेऊन आल्या.

"हेमा, हे बघ, सोसायटीच्या ग्रुपवर आलंय. तुमच्या आंबिवलीकडचंच आहे. रात्रभर नळ सोडून ठेवला म्हणे हिने. काय बाई, घरून काही शिकवतात की नाही या मुलांना?"

हेमाने पीठ लागलेल्या हाताने मोबाइल घेतला. खुर्चीवर प्रियांका. मान ताठ, डोळे कॅमेऱ्यात, खालचा ओठ दाताखाली. ती रडू दाबते तेव्हा असंच करते.

"माझीच आहे ही," हेमा म्हणाली.

वहिनी गोंधळल्या. "अगं, मला काय माहीत... मी लगेच डिलीट करते हं."

"तुम्ही कराल हो वहिनी. बाकीच्यांचं काय?" आणि तिने तव्यावरची पोळी उलटली. पोळी जळली होती. तिच्या हातून इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

दुसऱ्या दिवसापासून प्रियांका शाळेत जाईना. पोटात दुखतं म्हणाली, मग डोकं, मग काहीच म्हणेना. चाळीतली पोरं तिला 'वैरी' म्हणून हाक मारायला लागली. तिचा धाकटा भाऊ सम्यक एकाला त्यावरून मारून आला. आणि एका संध्याकाळी हेमाने बघितलं, तर पोरीने घरातला नळ घट्ट पिळून बंद केलेला आणि परात भिंतीला उभी केलेली.

"कशाला गं बंद केलास?"

"कुणी फोटो काढेल."

ते ऐकलं आणि हेमाच्या आत काहीतरी निखाऱ्यासारखं बसलं. रडून विझणाऱ्यातलं नव्हतं ते. त्या माणसाची जिरवायची. त्याच मैदानात, त्याच माइकवर, त्याच्या कॅमेऱ्यांसमोर. आणि पोरीला खरं काय ते त्याच्याच तोंडून ऐकवायचं, त्याशिवाय ती शाळेची पायरी चढणार नाही.

कमलेश घाबरला. "माझं कंत्राट आहे, हेमा. एक फोन गेला तर उद्या गेटवरून परत पाठवतील. आपण लहान माणसं."

"लहान माणसं? मग रविवारी तुझा वार कुठे गेला, मोठ्या माणसा? चाळीला थेंब नाही आणि शाळेत तळं. ते पाणी काय आभाळातून पडलं?"

 चाळीत सगळ्यांनाच ते दिसलं होतं, उघड कुणी बोललं नव्हतं. साहेबांना शाळेचा हौद भरलेला दाखवायचा होता. त्यासाठी चाळीचं पाणी तोडून वर चढवलेलं. पोरीने नळ उघडा ठेवला हे खरं. पण त्या नळाला एरवी जन्मात पाणी येत नाही, ते त्याच दिवशी कुणाच्या हुकमाने आलं?

हेमा आधी सरळ वाटेने गेली. खात्याच्या ऑफिसात दोनदा चकरा मारल्या. "साहेब मीटिंगमध्ये आहेत." शाळेत गेली. आसावरी मॅडमनी तिला बाकावर बसवलं, पाणी विचारलं आणि मग स्वतःच ओशाळल्या, कारण द्यायला पाणी नव्हतं.

"मी काय करू, सांगा? माझी बदली शहापूरच्या टोकाला करतील."

"बदली तुमची होईल, मॅडम. माझ्या पोरीची शाळा सुटली."

मॅडम खाली बघत म्हणाल्या, "पुढच्या शुक्रवारी ते परत येतायत. मागचा कार्यक्रम फिसकटला ना. आता दाबायचा नळ बसवलाय, आपोआप बंद होणारा. चॅनेलवाले येणार, साहेब स्वतः तो दाबून दाखवणार."

हेमा उठली. तिला हवं ते मिळालं होतं. शुक्रवारी साहेब नळ दाबणार म्हणजे गुरुवारी पाणी वर चढवणार. आणि चढवायचं म्हणजे आधी चाळीचं तोडणार.

चाळीच्या पाण्याचा वॉल रस्त्याच्या कडेला जमिनीखाली आहे. वर लोखंडी झाकण, आत चाक. ते चाक फिरवलं की चाळीचं पाणी बंद होतं आणि सगळा जोर शाळेकडे जातो. गुरुवारी दुपारी हेमाने कामाला दांडी मारली. सखुबाई, हेमा आणि चाळीतल्या आणखी बायका त्या झाकणावर आणि झाकणाभोवती पोती अंथरून मेथी निवडायला बसल्या. ढीगभर मेथी. सखुबाई बरोबर झाकणाच्या मधोमध.

वॉलमन उत्तम आला खांद्यावर लांब चावी घेऊन. बघून थबकला.

"मावशी, उठा जरा. काम आहे."

"माझा पन काम हाय. ही मेथी कोण निवडल, तू?"

"मावशी, झाकण उघडायचंय."

"गुडघा धरलाय रे बाबा. एकदा बसली की उठवत नाय."

बायका फिसकन हसल्या. उत्तम घाम पुसत हेमाकडे वळला. "ताई, तुम्ही तरी समजवा यांना. वरून ऑर्डर आहे."

"कसली ऑर्डर?" हेमाने मेथीची जुडी बाजूला ठेवली. "आज आमचा वार आहे. आमच्या वाराला आमचा वॉल बंद करायची ऑर्डर कुणाची?"

"मला कशाला विचारता? मी चावीवाला माणूस."

"त्या रविवारी पण तूच बंद केलेलास?"

उत्तमने इकडेतिकडे बघितलं. "मीच केलेला. साहेबांचाच फोन आलेला, हौद काठोकाठ पाहिजे म्हणून. आता त्या पोरीचं असं होईल हे मला काय माहीत, ताई? माझी पण मुलगी त्याच शाळेत आहे, दुसरीत."

"मग आज काय करणार?"

उत्तमने सखुबाईच्या गुडघ्याकडे बघितलं. मग त्याने फोन काढला आणि त्यांच्या देखत बोलला, "हो साहेब. बंद केला. हो, सगळं पाणी वर सोडलंय. काळजी नको." फोन खिशात टाकून चावी खांद्यावर घेतली. "तो माणूस बघायला काय येत नाही कधी. मेथी चांगली निवडा, मावशी. त्यात माती फार असते."

तासाभराने चाळीत परात वाजली. मग दुसऱ्या घरात, मग तिसऱ्या. हौदासाठी जादा सोडलेलं पाणी सगळं चाळीतच उतरलं, असा जोर चाळीने कधी बघितला नव्हता. आणि बायकांनी त्या पाण्याचा सूड घेतल्यासारखा सूड घेतला. ड्रम भरले, हंडे भरले, कुकर भरले, बाळांचे टब भरले. वर्षभराच्या गोधड्या बाहेर काढून धुतल्या. सखुबाई दारात पाय सोडून बसली आणि सुनेला म्हणाली, "ओत गो, पायावर ओत. साहेबाचा पानी हाय." एरवी पेला सांडला तरी पोराच्या पाठीत धपाटा घालणाऱ्या त्या बायका. त्या दिवशी कुणी कुणाला अडवलं नाही. वर शाळेच्या हौदात थेंब पोचला नाही.

हेमा मात्र गोधडी पिळताना मधेच थांबली. दारात प्रियांका उभी होती.

"आई, उद्या शाळेत पाणी नसणार ना?"

"नसणार."

"मग त्यांचा पण फोटो निघेल."

"निघू दे की! तोंड काळं होऊ दे मेल्याचं."

प्रियांका आत वळली. रात्री जेवताना तिने एवढंच विचारलं, "मी आले तर चालेल?" हेमाने तिचा युनिफॉर्म पेटीतून काढून उशाशी ठेवला.

शुक्रवारी मैदान कोरडं, बूट नवे. नळाला झेंडूची माळ आणि लाल फीत. चॅनेलचे दोन कॅमेरे. चाळीतल्या बायका कुंपणाला लागून ओळीने उभ्या, जणू हळदीकुंकवाला आल्यात. साहेब बोलले, लांबलचक बोलले. मुलं हीच आपली भविष्यातली धरणं, असं काहीतरी. वीज वाचवा म्हणताना मागे जनरेटर धडधडत होता. मग कात्री, टाळ्या, आणि साहेबांनी कॅमेऱ्याकडे बघत नळ दाबला.

फुस्स.

पुन्हा दाबला. नळाने खाकरल्यासारखं केलं आणि गंजाचा एक तांबडा थुंका साहेबांच्या बाहीवर टाकला. पोरं फुटली. पहिलीतली पोरं तर जमिनीवर लोळली. आर्यन ओरडला, "सर, वाचवलं! सगळंच वाचवलं!" कॅमेरावाला हसता हसता कॅमेरा धरून होता. कुंपणाशी सखुबाईने पदर तोंडात कोंबला.

हेमाने ते डोळे भरून बघितलं. बाही झटकणारा हात, लाल झालेले कान, आसावरी मॅडमवर खेकसणारं तोंड. कित्येक रात्री तिने हेच मनात रंगवलेलं. खोटं कशाला बोला, गोड लागलं तिला. आणखी हवं होतं.

"पाणी कुठे गेलं?" साहेब ओरडले. माइक चालूच होता. "काल सोडलेलं पाणी कुठे गेलं?"

"आमच्याकडे आलं, साहेब!" हेमा कुंपणाच्या आत शिरली. "आमच्या वाराचं होतं, आमच्या घरी आलं! तुम्ही कुठे पाठवत होतात?"

शिपाई तिला अडवायला धावला. तेवढ्यात तिच्या बाजूने प्रियांका पुढे गेली. गणवेश इस्त्रीचा, वेण्या घट्ट. सरळ मंचावर. साहेबांनी तिला ओळखलं. चेहरा झटकन बदलला. कॅमेरे तिच्याकडे वळलेले त्यांनी बघितले होते.

"अरे, ये ये बेटा! हीच ती ना?" त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "ते मागचं आपलं गंमतीत होतं हं. तो फोटो मी काढून टाकायला सांगतो. आणि आजपासून हीच आपली जलदूत! टाळ्या!" कुणीतरी चमचमणारा बिल्ला पुढे केला. साहेबांनी तो तिच्या गणवेशाला लावायला पिन उघडली.

हेमाला पुढचं दिसलं. पोरगी बिल्ला घेईल, फोटो निघेल, सगळे घरी जातील. कमलेश कुंपणापाशी कधीतरी येऊन उभा राहिला होता, त्यानेही डोळ्यांनी 'घे' म्हणून खुणावलं. मिटतंय ना, मिटू दे.

प्रियांका एक पाऊल मागे सरकली. पिन साहेबांच्या बोटांत उघडीच राहिली. तिने माइक दोन्ही हातांनी धरून आपल्या उंचीला खाली ओढला. आवाज आधी चिरकला, मग लागला.

"सर, बिल्ला नको. नळ मीच उघडा ठेवला होता. ते चुकलं माझं, रविवारी इथे कुणी नसतं. तुम्ही विचारलंत तेव्हा मी लगेच सांगितलं. खोटं बोलले नाही."

 दिव्यांचा जनरेटर कुणीतरी बंद केला.

"आता मी विचारते. त्या रविवारी आमच्या चाळीचा वार होता. माझ्या आईने पेल्याने पाणी मोजून आम्हाला दिलं. आणि आमचं पाणी इथे मातीत गेलं. आमचा वॉल बंद करायला कुणी सांगितलं?"

साहेबांनी मॅडमकडे बघितलं, मॅडम या वेळी खाली न बघता त्यांच्याकडेच बघत होत्या. साहेबांनी शिपायाकडे बघितलं. कॅमेऱ्याला हाताने 'बंद कर' अशी खूण केली. कॅमेरा बंद झाला नाही.

"बेटा, हे टेक्निकल असतं, तुला नाही कळणार..."

"मला कळेल," प्रियांका म्हणाली. "नाव सांगायचंय फक्त. कुणी सांगितलं, सर? उत्तर द्या."